खोटे दागिने काळे पडतात, गळा हिरवा होतो, कान चिघळतो: नेमकं बिघडतंय काय?

"मला खोटं काही चालतच नाही," असं म्हणणारी एक तरी बाई प्रत्येक घरात असते. जरा खोदून विचारलं की कळतं, एकीच्या ठुशीचा सोनेरी रंग दोन लग्नांतच उडालाय, दुसरीच्या गळ्यावर हिरवट रेघ उमटते आणि तिसरीच्या कानाच्या पाळीतून पाणी येतंय. पहिलीचा दागिना खराब झालाय, तिच्या कातडीला काहीच झालेलं नाही. दुसरीची कातडी रंगली आहे, पण ती ना दुखते ना खाजते. तिसरीचं अंग मात्र त्या धातूला खरोखरच नको म्हणतंय. तक्रारी तीन, आणि तिघींनाही सल्ला एकच मिळतो: "मागून पारदर्शक नेलपॉलिशचा हात मार." म्हणूनच दर लग्नसराईत आणि दर नवरात्रात तीच रडकथा नव्याने सुरू होते.

सोनं अंगावर घालून बसने फिरायची सोय राहिलेली नाही आणि ते घेण्याइतके पैसेही बहुतेकींकडे नाहीत. त्यामुळे खोटे दागिने सोडून द्या हा सल्ला मी देणार नाही. कुठली तक्रार कशामुळे येते ते कळलं की थोडक्या पैशांत बरंच निभावतं.

दागिन्याच्या आत काय असतं

आपण ज्याला सरसकट बेन्टेक्स किंवा एक ग्रॅम म्हणतो, तो दागिना आतून बहुधा पितळेचा, तांब्याचा किंवा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा असतो. त्यावर बहुतेक वेळा निकेलचा थर चढवतात आणि सगळ्यात वर सोन्याचं पाणी. निकेल मुद्दाम घालतात. त्याने पृष्ठभाग गुळगुळीत होतो, झळाळी येते आणि खालचं तांबं वरच्या सोन्यात मिसळायचं थांबतं. कारागिराच्या दृष्टीने हा थर उपयोगाचा आहे, आपल्या कानाच्या दृष्टीने तोच वैरी.

वरचं सोनं किती असतं? आपला केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. स्वस्त दागिन्यावरचा सोन्याचा थर अनेकदा अर्धा मायक्रॉनसुद्धा नसतो. "एक ग्रॅम" हे नाव आहे, त्या हारात एक ग्रॅम सोनं आहे अशी हमी नाही.

हा थर सगळीकडे सारखा झिजत नाही. जिथे घासतं तिथे आधी जातो: ठुशीची मागची बाजू, मंगळसूत्राच्या वाटीची कड, बांगडीची आतली बाजू, कानातल्याची दांडी आणि फिरकी. दुकानात आपण दागिना समोरून बघतो आणि तो बिघडतो मागून. "पहिले दोन महिने काहीच झालं नाही, मग अचानक खाज सुटली" या नेहमीच्या कोड्याचं अर्धं उत्तर इथेच आहे. पहिले दोन महिने कातडीला सोनं लागत होतं, आता निकेल लागतंय.

दागिना काळवंडतो, पण अंगाला काही होत नाही

ही सगळ्यात साधी तक्रार. घाम, अत्तर, बॉडी स्प्रे, केसांचं तेल आणि भांड्यांचा साबण हे नेहमीचे गुन्हेगार. मुंबईत किंवा रत्नागिरीत हवाच इतकी दमट की दागिना नुसता कपाटात ठेवला तरी मंदावतो. नागपूर-जालन्याकडे तोच दागिना जास्त टिकतो.

काळा पडला की घरोघरी पहिला प्रयोग होतो तो चिंच-मिठाचा, नाहीतर पितळी समया चकाकवायच्या पावडरीचा. हे अजिबात करू नका. देवाची समई भरीव पितळ आहे, तिचा वरचा पापुद्रा निघाला तरी खाली पितळच असतं. मुलाम्याचा दागिना घासला की काळेपणाबरोबर सोनंही चिंचेच्या पाण्यात जातं. टूथपेस्टचंही तेच, त्यात घासायचे बारीक कण असतात. त्या दिवसापुरता दागिना चमकतो आणि पुढच्या घामाला आणखी लवकर काळा होतो.

करायचं इतकंच. पावडर, अत्तर, गजरा सगळं झाल्यावर शेवटी दागिना घालायचा आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी तोच काढायचा. काढल्या काढल्या जुन्या मऊ सुती कापडाने कोरडा पुसायचा, मागची बाजू विसरायची नाही. मग थोडा वेळ पंख्याखाली ठेवून प्रत्येक दागिना वेगळ्या झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, बंद करायचा. नव्या चपलांच्या किंवा पर्सच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी येते, ती फेकू नका, डब्यात टाका. ती नसेल तर फळ्यावर लिहायचा खडूही थोडी ओल धरतो. कापसात गुंडाळून ठेवायची आपली जुनी सवय मात्र इथे उलटी पडते, कारण कापूस ओल धरून बसतो. ठुशी किंवा चिंचपेटीचा गोंडा घामाने भिजलेला असतो. तो सुकल्याशिवाय डबी बंद केली तर रात्रभर दागिना त्याच ओलीत राहतो.

रंग गेलाच तर पुन्हा पाणी चढवून मिळतं. पण हिशोब करा. चांगल्या घडणीच्या लक्ष्मीहाराला किंवा मोहनमाळेला ते परवडतं, फुटपाथवरच्या टॉप्सना नाही. आणि ज्यांना खाज सुटते त्यांनी आधी विचारायचं, की सोन्याखाली पुन्हा निकेल देणार का.

खऱ्या चांदीचं काळं पडणं वेगळं. हुपरीचे पैंजण असोत की आजीची चांदीची साखळी, हवेतल्या आणि घामातल्या गंधकाने चांदीवर काळा थर येतो. ॲल्युमिनियमच्या फॉइलवर चांदी ठेवायची, खाण्याचा सोडा टाकायचा आणि वरून गरम पाणी ओतायचं. काळेपणा बराचसा फॉइलकडे जातो आणि चांदी घासावी लागत नाही. पण मोती, खडे किंवा गोंदाने चिकटवलेलं काही असेल तर हा प्रयोग नको. चांदी रबरबँडने बांधून ठेवू नका, रबरात गंधक असतं. आणि "ऑक्सिडाइज्ड" दागिन्याला तर हा उपाय चुकूनही नको, तो मुद्दाम काळा केलेला असतो. धुतलात तर नक्षीतला सगळा काळा रंग निघून दागिना बोडका दिसेल.

गळ्यावर हिरवा पट्टा, बोटाला हिरवं कडं

पितळेच्या बिनकल्हईच्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं, हे आपल्याला आजीपासून माहीत आहे. गळ्यावर होतं ते त्याच जातीचं. घामातलं मीठ आणि आम्ल तांब्याला लागतं, तांब्याचे हिरवे क्षार तयार होतात आणि ते कातडीवर बसतात. फरक इतकाच की कळकलेलं ताक पोटात जातं, हा डाग साबणाने धुतला की निघतो. तो विषारीही नाही आणि ॲलर्जीही नाही. सोन्याचा थर संपलाय आणि तांबं-पितळ उघडं पडलंय, एवढीच ती खबर आहे.

नेलपॉलिशचा सल्ला फक्त इथे बरा आहे. अंगठीच्या आतून, हाराच्या पदकाच्या मागून, पूर्ण कोरड्या आणि पुसलेल्या धातूवर दोन पातळ हात द्यायचे आणि रात्रभर सुकू द्यायचे. काही वापरांनंतर ते खवले होऊन निघतं, मग जुनं सगळं काढून नव्याने लावायचं. अर्धवट निघालेल्यावर पुन्हा हात मारला की खाली घाम अडकतो आणि धातू आणखी लवकर खातो.

काळा डाग असेल तर कारण वेगळंही असू शकतं. गळ्याला पावडर फासून त्यावर हार घालायची आपल्याकडे पद्धत आहे. काही पावडरींत आणि सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा तसेच कडक कण असतात. हार त्यावर घासला की धातूची अगदी बारीक भुकटी सुटते आणि ती कातडीवर काळी दिसते. असं अगदी खऱ्या सोन्यानेसुद्धा होतं. मग सासूबाई सोनाराला शिव्या घालतात, "सोन्यात खोट दिसतेय." दोन दिवस पावडर न लावता तोच दागिना घालून बघा, डाग थांबला तर सोनार निर्दोष.

कान खाजतो, सुजतो, पाणी येतं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून बोलते. मला स्वतःला निकेल चालत नाही, त्यामुळे यात माझा स्वार्थ आहे असं समजा.

आधी ठरवायचं की ही ॲलर्जी आहे की जंतुसंसर्ग. ॲलर्जी बहुधा दोन्ही कानांना होते, कारण कानातले दोन्हीकडे एकाच धातूचे असतात. मुख्य त्रास खाजेचा. पाळी लाल होते, बारीक पुरळ येतं, पाणी सुटून पिवळट खपली धरते आणि जुनं झालं की कातडी जाड, खरबरीत होते. संसर्गात खाजेपेक्षा ठणका जास्त. बहुधा एकच कान, हात लावला तर गरम, पू आणि सूज, कधी कणकण. पाळीचं भोक असेल तर एखादा दिवस बघता येईल. पण बुगडीच्या जागेला, म्हणजे वरच्या कडक भागाला टोचलेलं असेल आणि तिथे सूज-ठणका असेल तर थांबू नका. तिथे कूर्चा असते, संसर्ग आत शिरला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर.

दोन्ही एकत्रही असतात. ॲलर्जीने कातडी फुटते, आपण खाजवतो, नखातून जंतू आत जातात.

निकेलच्या ॲलर्जीचा चकवा वेळेत आहे. धातू लागला की लगेच काही होत नाही. पुरळ उठायला अर्ध्या दिवसापासून दोन-तीन दिवसही लागतात. रविवारी लग्नात झुमके घातले, सोमवारी काढून ठेवले, मंगळवारी कान पेटला. मग दोष जातो मंगळवारच्या शाम्पूला, नाहीतर सोमवारी खाल्लेल्या वांग्याला. घरात सुकी मासळी शिजली असेल तर विचारायलाच नको. झुमके तोवर डबीत निवांत पडलेले असतात आणि पुढच्या लग्नाला पुन्हा बाहेर येतात.

दुसरा चकवा असा, की ही ॲलर्जी जन्मतः नसते, ती नंतर लागते. निकेल वर्षानुवर्षं कातडीला लागत राहिलं की कधीतरी शरीर ते ओळखायला शिकतं. एकदा शिकलं की बहुधा आयुष्यभर विसरत नाही. "मी कॉलेजात सगळं घालायचे, मला कधीच काही झालं नाही" हे खरं असतं आणि त्याचा आज काही उपयोग नसतो. वरच्या कोड्याचं उरलेलं अर्धं उत्तर हे.

खात्री करायची तर कानाबाहेर बघा. जीन्सच्या बटणामागे बेंबीखाली खाजरा चट्टा येतो का? घड्याळाच्या पट्ट्याच्या बकलाखाली? ब्लाउजच्या किंवा ब्राच्या हुकांच्या जागी? पदराला लावलेली सेफ्टी पिन दिवसभर खांद्याला टेकते, तिथे? यातल्या दोन-तीन ठिकाणी होकार आला तर निकेलवर संशय पक्का. निकेल ओळखायची दोन बाटल्यांची एक रासायनिक चाचणीही मिळते, डायमिथाइलग्लायॉक्सिमची. कापसाच्या बोळ्यावर थेंब टाकून धातूवर घासायचा, बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. अट एवढीच की ती वरवरचंच सांगते. नवाकोरा मुलामा असताना पास झालेला दागिना थर झिजल्यावर नापास होतो. लोहचुंबकाची चाचणी मात्र सोडून द्या. चुंबकाला न चिकटणाऱ्या दागिन्यातही निकेल असू शकतं.

बाजारातल्या दोन समजुतींनी बरंच नुकसान केलंय. एक, "जर्मन सिल्व्हर म्हणजे हलकी चांदी." त्यात चांदी औषधालाही नसते. ते तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण आहे. नवरात्रात घागऱ्यावर घालायचे ते मोठाले काळसर चांदीरंगी झुमके अनेकदा याचेच असतात. मुलाम्याच्या दागिन्यात निकेल थरापुरतं असतं, इथे ते आरपार आहे. दुसरी समजूत, "मग मी टेराकोटाचे, कापडाचे, लाकडाचे घालते." घाला, छान दिसतात. पण कानात शिरतो तो हूक धातूचाच, आणि बहुधा त्याच स्वस्तातल्या पुडक्यातला. दाबाचे कानातले घेतले तरी ती दाबपट्टी पाळीला तासन्‌तास चिकटून असते.

पैसे कुठे घालायचे

माझं सरळ मत असं: दिसणाऱ्या भागावर कमी आणि कातडीत शिरणाऱ्या भागावर जास्त. आपण नेमकं उलट करतो. झुमक्याच्या मीनाकारीसाठी दोनशे रुपये जास्त देतो आणि हूक कसला आहे ते विचारतही नाही.

युरोपीय संघाने दागिन्यांतल्या निकेलवर 1994 मध्ये नियम आणला. आजच्या नियमात कातडीवर रुळणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दांडीसाठी मर्यादा आणखी कडक, 0.2. म्हणजे कायद्यानेही दांडी बाकीच्या दागिन्यापासून वेगळी काढली आहे. आपणही तेच करायचं.

लटकणारे कानातले असतील तर काम सोपं. चांदीच्या हुकांची एक जोडी सोनाराकडून घ्यायची आणि जुना हूक बदलायचा. हूक आणि झुमका जिथे जोडलेले असतात तिथे एक बारीक कडी असते, नीट बघितलं तर तिला एक चीर दिसते. दोन चपट्या टोकांच्या पकडी घ्यायच्या आणि चिरेच्या दोन्ही बाजू धरून एक टोक आपल्याकडे, एक पलीकडे वळवायचं. कडी ताणून रुंद करायची नाही. ताणलेली कडी पुन्हा गोल होत नाही, फट राहते आणि झुमका लोकलच्या गर्दीत कुठे गळला ते घरी आरशात बघेपर्यंत कळत नाही. काम झालं की तसंच उलट वळवून टोकं जुळवायची आणि फटीवरून नख फिरवून बघायचं. अडकत नसेल तर बरोबर बसली.

याहून सोपी युक्ती जुन्या बायकांची. कानात चांदीची किंवा सोन्याची बारीक बाळी कायम ठेवायची आणि खोटा झुमका त्या बाळीत अडकवायचा. भोकाला खोटा धातू लागतच नाही. झुमका जड असेल तर केसांत अडकवायचा वेल लावा, नाहीतर सगळं वजन पाळीवर येऊन भोक लांबतं.

टॉप्स आणि कुड्यांचं जरा अवघड. दांडी डागलेली असते, ती बदलायला आच द्यावी लागते आणि आचेने गोंद सुटून खडे निखळतात. बरेच सोनार म्हणूनच नको म्हणतात. इथे दांडीवर चढवायच्या पातळ प्लॅस्टिकच्या नळ्या मिळतात, त्या घ्या. फिरकीही प्लॅस्टिकची किंवा सिलिकॉनची लावा, कारण पाळीच्या मागची खाज बऱ्याचदा फिरकीची असते. नळी दर वापरानंतर धुऊन वाळवायची, फाटली की फेकायची. नेलपॉलिश मात्र दांडीला कधीही नाही. भोकातून आत-बाहेर करताना त्याचे खवले सुटतात आणि ओल्या कातडीत बसतात. शिवाय काही नेलपॉलिशमधल्या रेझिनचीच काहींना ॲलर्जी असते. तिचं पुरळ नखांपाशी न येता पापण्यांवर आणि मानेवर येतं, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

कुठला धातू घ्यायचा? 916, म्हणजे 22 कॅरेट पिवळ्या सोन्यात मिश्रण बहुधा तांबं-चांदीचं असतं, त्यामुळे ते चालतं. पांढऱ्या सोन्याचं सांगता येत नाही, त्यात निकेल असू शकतं. 925 चांदीत 92.5 टक्के चांदी आणि उरलेलं मुख्यतः तांबं असतं, बहुतेकींना चालते. सर्जिकल स्टील म्हणून विकलं जाणारं 316एल पोलाद ऐकून अनेकींना धक्का बसतो, त्यात 10 ते 14 टक्के निकेल असतं. पण ते घट्ट बांधलेलं असतं, फारच कमी सुटतं, म्हणून बहुतेकींना त्रास होत नाही. फार नाजूक असाल किंवा भोक ताजं असेल तर तेही नको. टायटॅनियम सगळ्यात निर्धोक. "निकेल फ्री" असं नुसतं कार्डावर छापलेलं असेल तर त्यावर विसंबू नका, पुठ्ठा छापायला काही लागत नाही.

सोन्याच्या बारीक टॉप्सबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. हॉलमार्कची सक्ती 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली, पण दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला ती लागू नाही. आपण घेतो त्या चमक्या आणि बाळ्या नेमक्या त्याखालच्या असतात. म्हणून बिलावर कॅरेट लिहून घ्या. सोनार कुरकुर करेल, करू दे.

आणि पोरींचे कान. बाराव्या दिवशी सोनाराला घरी बोलावून सोन्याच्या तारेने कान टोचायची आपली पद्धत या बाबतीत शहाणपणाची होती. तार सोन्याची आणि महिनोन्‌महिने तीच. आता पार्लरमध्ये बंदुकीने टोचतात आणि आत जो खडा बसतो त्याचा धातू कोणता ते टोचणारीलाही माहीत नसतं. ताज्या जखमेला निकेल लागणं म्हणजे ॲलर्जीला घरी बोलावणं. बंदुकीपेक्षा सुई बरी, आणि भोक पूर्ण भरेपर्यंत सोनं किंवा टायटॅनियम. त्यात कंजूषी करू नका, पुढची पन्नास वर्षं ती पोरगी खोटं घालू शकेल की नाही ते इथे ठरतं.

जे निकेल वाटतं, पण नसतं

अंगठीखाली किंवा घट्ट बांगडीखालीच पुरळ असेल, कानाला काही होत नसेल, तर आधी साबणावर संशय घ्या. भांडी घासताना साबणाचं पाणी अंगठीखाली अडकतं आणि तिथली कातडी दिवसभर भिजत राहते. काही दिवस अंगठी काढून काम करा, उत्तर मिळेल.

जोडव्यांखाली, बोटांच्या बेचक्यात पांढरी भिजकी कातडी आणि खाज, तीही पावसाळ्यात? त्या बहुधा चिखल्या. जोडवी बदलून काही होणार नाही, बोटं कोरडी ठेवा आणि बुरशीचं औषध लावा.

टिकलीच्या जागी खाज किंवा फिकट डाग दिसत असेल तर ती वेगळीच भानगड आहे, आणि जास्त गंभीर. काही टिकल्यांच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल या रसायनाने तिथला रंगच जाऊ शकतो आणि तो परत येईलच असं नाही. फिकटपणा दिसला त्या दिवसापासून टिकली बंद. कुंकवाची हौस असेल तर मेण-कुंकू लावा, पण मेण साधं आणि कुंकू चांगल्यापैकी हवं.

रोजच्या मंगळसूत्राचं अनेकींना कळत नाही. मणी काचेचे, त्यांचा दोष नाही. पुरळ मानेच्या मागे असेल तर हूक, छातीवर असेल तर वाट्या. वाट्या सोन्याच्या आणि हूक खोटा असं सर्रास असतं. पटवेकऱ्याकडून पोत दोऱ्यात गाठवून घेतली आणि मागे हुकाऐवजी दोऱ्याचाच फास ठेवला तर मानेचा प्रश्न फारच कमी खर्चात सुटतो. दोरा घामाने कुजतो, तेवढा अधूनमधून बदलायचा.

चिघळलंच असेल तर

कानातले काढा आणि पाळी पूर्ण बरी होईपर्यंत काहीही घालू नका. भोक बुजेल ही भीती असते. जुनं भोक इतक्यात बुजत नाही, आणि बुजलं तर पुन्हा टोचता येतं. उकळून गार केलेल्या पाण्याने खपली भिजवून हलकेच पुसा आणि कोरडं ठेवा. हळद, चुना, लिंबू ओल्या जखमेवर नको.

मेडिकलवाल्याला कान दाखवून "काहीतरी द्या" म्हणणं टाळा. तो बहुधा एकाच ट्यूबमध्ये स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं सगळं असलेलं मलम देतो. दोन दिवसांत आराम पडतो म्हणून आपण ते महिनोन्‌महिने वापरतो, आणि तिथली कातडी पातळ होत जाते. काही मलमांतल्या निओमायसिनचीच अनेकांना ॲलर्जी असते. मग औषध लावल्यावर कान आणखी चिघळतो आणि आपण आणखी औषध लावतो. सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस लागतंही, पण ते त्वचारोगतज्ज्ञाने किती आणि कुठवर हे सांगून दिलेलं असावं.

पुन्हा पुन्हा होत असेल तर पॅच टेस्ट करून घ्या. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात विचारलं तर खर्च आटोक्यात राहतो. पाठीवर निकेलसह वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवतात, 48 तासांनी काढून बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात, कारण हे पुरळ उशिरा उठतं हे मघाशी आलंच. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही आणि घाम येईल असं काम नको, म्हणून एप्रिल-मे टाळून थंडीत गेलात तर बरं. कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि पाठीवर एवढ्यात कुठलं मलम लावलंय का हे आधी सांगा, स्टिरॉइड चालू असेल तर निकाल फसवा येतो. जाताना ज्याने त्रास झाला तो दागिना, तीच टिकली, तेच नेलपॉलिश पिशवीत टाकून न्या. डॉक्टरांनी विचारलं तर "घरी आहे" म्हणून परत यायला नको.